पाच नंबरचा पॅड का बोलत नाही?

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण मी सुरुवातीलाच काठी आपटणार आहे.

(टक. टक. टक. टक. भद्द.)

ऐकलंत? चार वेळा नीट आवाज आला आणि पाचव्या वेळी नुसती रबरावर काठी पडली. गेल्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी माझ्या आतेभावाकडे, म्हणजे आमच्या दादाकडे, हेच झालं. दादा दिवसा एका दुकानात हिशेब बघतो आणि रात्री ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. गणपती ते नवरात्र हा त्याचा सीझन. वर्षभराच्या वरखर्चाचे पैसे त्यातून निघतात. आणि नेमका पाच नंबरचा पॅड गेला. त्या पॅडवर त्याने ढोलकीची थाप लावलेली होती. ढोलकी गेली की लावणी गेली आणि लावणी गेली की वन्स मोअर गेला!

तुम्ही म्हणाल, मग थाप सहा नंबरवर लाव की. लावून बघितली. पण बारा वर्षं जो हात डोळे मिटून पाचवर जातो, तो आठ दिवसांत सहावर जात नाही. दोन गाण्यांत तीनदा चुकला आणि त्याने काठ्या खाली ठेवल्या.

रिपेअरवाल्याकडे नेला. (कुठल्या, ते सांगत नाही. आणि पॅड कुठल्या कंपनीचा, तेही विचारू नका. आपल्याकडे काठीने वाजणाऱ्या कुठल्याही पॅडला ऑक्टोपॅडच म्हणतात.) त्याने बाहेरूनच दोन टिचक्या मारल्या आणि सांगितलं, आतला अख्खा बोर्ड बदलावा लागेल, पार्ट यायला महिना लागेल, त्यापेक्षा नवीनच घ्या. नवीन म्हणजे दादाचा तीन-चार महिन्यांचा पगार.

आता गंमत बघा. ढोलाचं पान फाटलं तर आपण पान बदलतो. तबल्याची पुडी गेली तर पुडी बदलतो. ढोल फेकून नवा आणा, असं कुणी म्हणत नाही. मग याच वाद्याच्या बाबतीत आपण इतक्या लवकर हात का टेकतो? मला वाटतं, आत काय आहे ते आपल्याला माहीतच नसतं म्हणून. तर आजच्या भागात हा डबा उघडायचा. त्यातली पहिली वस्तू जवळपास दीडशे वर्षं जुन्या शोधातून आलीय आणि ती तुमच्या स्वयंपाकघरातही असण्याची बरीच शक्यता आहे.

गॅस पेटवायचा लायटर आठवा. बॅटरी नाही, वायर नाही, दाबला की खट्ट आणि ठिणगी. आत एक छोटा हातोडा असतो, तो एका खड्यावर आपटतो आणि त्या आपटण्यातूनच वीज तयार होते. १८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि पिएर क्युरी या दोन भावांनी हे दाखवून दिलं. काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. क्वार्ट्झमध्ये येतो, टुरमलीनमध्ये येतो आणि रोशेल सॉल्ट नावाच्या एका क्षारामध्ये तर भरपूर येतो. याला पिझोइलेक्ट्रिसिटी म्हणतात. हो, हा तोच पिएर क्युरी, मादाम क्युरींचा नवरा. पण तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि लग्न पुष्कळ लांब होतं.

पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्वार्ट्झ वापरून पाण्याखालच्या पाणबुड्या शोधायचं यंत्र बनवलं. पुढे रोशेल सॉल्ट रेकॉर्ड प्लेअरच्या सुईमागे जाऊन बसलं. सुई हलली की स्फटिक दाबला जायचा आणि त्यातून गाणं निघायचं. पण या क्षाराला दमट हवा सोसत नाही. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात त्याचं काय होत असेल, कल्पना करा! १९५० च्या दशकात शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या संयुगाची भाजलेली सिरॅमिक आली. ती दमटपणाला भीत नाही, स्वस्तात बनते, हव्या त्या आकारात कापता येते. पितळेच्या पातळ चकतीवर या सिरॅमिकचा पांढरट थर चिकटवला की झाला पिझो. साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढा. डिजिटल घड्याळाचा गजर, वाढदिवसाचं गाणारं कार्ड, सगळीकडे हीच चकती. वीज दिली की ती थरथरते आणि आवाज येतो. उलट तिच्यावर थाप मारली की वीज येते.

बहुतेक पॅडच्या रबराखाली हीच चकती बसलेली असते. काठी पडते, चकती किंचित वाकते, विजेचा एक झटका येतो. मशीन त्या झटक्याची उंची मोजतं आणि तिचा एक आकडा करतं, १ पासून १२७ पर्यंत. हलकी थाप वीस, जोरदार थाप एकशेवीस. ढोलकीचा आवाज पॅडमध्ये नसतोच! पॅड फक्त सांगतो, कुठे लागलं आणि किती जोरात लागलं. आवाज मेमरीतून येतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढे दुरुस्तीला लागणार आहे.

ड्रमला वीज जोडायची कल्पना मात्र उशिरा आली. १९७१ च्या सुमाराला मूडी ब्लूज या इंग्लिश बँडचा ड्रमर ग्रॅम एज याने ब्रायन ग्रोव्हज या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राध्यापकाच्या मदतीने एक इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट बनवून घेतला. त्यात चकत्या नव्हत्या. रबराखाली तारेची वेटोळी आणि चुंबकं होती, आणि मागे ट्रान्झिस्टरचं जंगल. विकायला असलेली वस्तू नव्हतीच ती, एका माणसाची हौस होती. बिघडली तर बनवणाऱ्यालाच बोलवायचं.

दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, इंग्लंडच्या डेव्ह सिमन्सच्या कंपनीने एसडीएस-फाइव्ह बाजारात आणला. षटकोनी पॅड, चकचकीत रंग, आणि ऐंशीच्या दशकातल्या प्रत्येक डिस्को गाण्यात ऐकू येणारा तो ‘ढ्यूंऽऽ’ आवाज. यूट्यूबवर त्या काळातले व्हिडिओ बघितलेत तर हे षटकोन लगेच ओळखाल. पण एक घोटाळा होता. पॅडचा वरचा भाग पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे जवळजवळ फरशीसारखा टणक. खऱ्या ड्रमचं कातडं काठीला परत उडवतं. हा सगळा धक्का मनगटात पाठवायचा. ड्रमर मनगटं आणि कोपरं धरून बसायला लागले. नंतरच्या मॉडेलांना कंपनीला मऊ रबर लावावं लागलं. मला हा किस्सा आवडतो, कारण इथे मशीन धडधाकट होतं आणि वाजवणारेच नादुरुस्त होत होते.

आता जपानला जाऊ, कारण ऑक्टोपॅड हे नाव तिथून आलंय. आणि तिथे भेटणारा माणूस मुळात इंजिनिअर नव्हताच, रिपेअरवाला होता.

इकुतारो काकेहाशी. जन्म १९३० चा, ओसाकाचा. दोन वर्षांचा असताना आईवडील क्षयाने गेले. आजीआजोबांनी वाढवलं. युद्धात ओसाका बेचिराख झालेलं. १९४६ मध्ये सोळा वर्षांचा इकुतारो दक्षिणेला क्युशू बेटावर गेला आणि घड्याळं दुरुस्त करायला लागला. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं काढायचा धीर त्याच्यात नव्हता. लवकरच स्वतःचं घड्याळाचं दुकान टाकलं. मग रेडिओ उघडायला लागला. पुढे शिकायला ओसाकाला परतला, तर क्षयाने त्यालाही गाठलं. काही वर्षं दवाखान्यात. तिथेही हा पठ्ठ्या पेशंटांची आणि स्टाफची घड्याळं, रेडिओ दुरुस्त करत बसायचा! स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवं होतं. ज्या पेशंटांवर ते वापरून बघितलं, त्यात तो होता. त्यामुळे वाचला.

१९५४ मध्ये त्याने ओसाकात रेडिओ-इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं, १९६० मध्ये एस इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली. १९६४ मध्ये एक वाद्य बनवलं, आर-वन ऱ्हिदम एस. बटणं दाबा आणि ड्रम वाजवा. अमेरिकेत नेऊन दाखवलं, कुणी घेतलं नाही. तीन वर्षांनी आपोआप ठेके वाजवणारं पुढचं मॉडेल आलं, ते चाललं. आणि १९७२ मध्ये त्याने रोलँड काढली.

इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण ‘खराब पार्ट’ या शब्दाचा अर्थच उलटा करणारी गोष्ट इथे आहे. १९८० मध्ये रोलँडने टीआर-८०८ हे ड्रम मशीन काढलं. आज तुम्ही जे हिपहॉप ऐकता, ट्रॅप ऐकता, त्यातला तो छातीत घुमणारा बास म्हणजे ८०८. त्या मशीनमधला सळसळता, शिजत असल्यासारखा आवाज कुठून आला माहितेय? खराब ट्रान्झिस्टरमधून. कारखान्यातून निघालेल्या मालातले काही ट्रान्झिस्टर तपासणीत नापास व्हायचे, त्यांच्यात खरखर जास्त असायची. काकेहाशींनी असले नापास ट्रान्झिस्टर मुद्दाम घेतले आणि त्या खरखरीचा आवाज केला. पुढे ट्रान्झिस्टर बनवणारे इतके तरबेज झाले की हवे तसे बिघडलेले मिळेनात. १९८३ मध्ये ८०८ बंद झालं! चांगल्या पार्टमुळे बंद पडलेलं मशीन मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

आणि हे बंद झालं तेव्हा ते काही हिट नव्हतं हां. सेकंडहँड दुकानात स्वस्तात मिळायचं म्हणून पैसे नसलेल्या पोरांनी उचललं, आणि त्या पोरांनी त्याचं सोनं केलं.

त्याच १९८३ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. काकेहाशी आणि अमेरिकेतले डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने मिडी ठरलं. तोपर्यंत एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलत नव्हतं. मिडीने सगळ्यांना एक भाषा दिली, ती मगाशी सांगितलेली आकड्यांची. जानेवारीत अमेरिकेतल्या प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर केबलने जोडून दाखवले. या कामासाठी दोघांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

मिडी आलं म्हणून ऑक्टोपॅड आला. १९८५ चा पहिला ऑक्टापॅड, मॉडेल पॅड-८. आठ रबरी चौकोन, एका खोक्यात. आणि त्याला स्वतःचा आवाजच नव्हता! तो फक्त आकडे पाठवायचा, आवाज दुसऱ्या मशीनमधून. म्हणूनच आजही चालू स्थितीतला पॅड-८ मिळाला तर इंटरफेस लावून तो तुमच्या फोनमधल्या ॲपला जोडता येतो. चाळीस वर्षांपूर्वीचा फोन कशाला जोडता येतो सांगा बरं?

पुढच्या मॉडेलांत आवाज आतच आले. १९९८ च्या एसपीडी-२० मध्ये सातशे आवाज होते. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत या मॉडेलने मुक्कामच ठोकला. एका टेम्पोत बसणारं, एका माणसाला वाजवता येणारं, आणि ढोलकीपासून टाळ्यांपर्यंत सगळं देणारं वाद्य दुसरं कुठलं होतं? खऱ्या ढोलकीवाल्यांची कामं त्यामुळे कमी झाली, हेही खरं आहे, आणि ते दादासुद्धा नाकारत नाही. १९९७ मध्ये रोलँडने जाळीचे ड्रम आणले, रेमो या कातडीवाल्या कंपनीच्या साथीने. जाळीखाली फोमचा सुळका, त्याच्याखाली तीच चकती. असा ड्रम मधोमध मारला की बंदुकीसारखा वाजायला लागला तर समजा फोम झिजलाय. पण तो वेगळा विषय.

तर परत दादाकडे.

आम्ही दोघं रविवारी पुण्याला बुधवार पेठेत गेलो, तपकीर गल्लीत. इलेक्ट्रॉनिक्सचं काही हवं असेल तर सगळा जिल्हा तिथेच येतो. तिथे एक काका बसतात, दुकान म्हणजे एक टेबल आणि एक दिवा. त्यांनी आधी विचारलं, “सेटिंग बघितलं का?” कारण निम्म्या वेळा पॅड मेलेला नसतो, त्या पॅडची सेन्सिटिव्हिटी कुणीतरी खाली आणलेली असते किंवा थ्रेशोल्ड वर नेलेला असतो. आम्ही बघितलं होतं. मग विचारलं, “थाप अजिबात येत नाही, का कधी कधी येते?” दादा म्हणाला, कधी कधी, कोपऱ्यात जोरात मारलं की. काका हसले. “मग बोर्ड कशाला जाईल?”

अडॅप्टर काढला, खालचे स्क्रू काढले, पॅडची पट्टी वर केली. पाच नंबरखाली चकती होती, पण तिच्या मधल्या पांढऱ्या भागावरची लाल वायर डागातून सुटून नुसती टेकलेली. बारा वर्षांच्या थापांनी ती हलत हलत तुटली होती. जोरात मारलं की क्षणभर चिकटायची, म्हणून कधी कधी आवाज.

मी माझा मल्टिमीटर काढला, जरा शहाणपणा दाखवायला. कंटिन्युटीवर लावला, चकतीला टेकवला. बीप नाही. म्हटलं, काका, चकती पण गेली. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. पिझो चकती ही मीटरच्या दृष्टीने कपॅसिटर असते, तिच्यातून बीप कधीच येत नाही, चांगली असली तरी! (मंडळी, अशा चुकीच्या तपासणीने किती चांगल्या चकत्या कचऱ्यात गेल्या असतील देव जाणे.) मीटर व्होल्टवर ठेवायचा आणि चकतीवर बोटाने टिचकी मारायची, आकडा उडाला तर ती जिवंत. आमचा आकडा उडाला, पण फारच थोडा. भिंग लावून बघितल्यावर सिरॅमिकला केसासारखी चीर दिसली. म्हणजे मी चुकलो तरी बरोबर निघालो.

नवी चकती पंधरा रुपयांना. त्याच मापाची घ्यायची, कारण मोठी चकती जास्त वीज देते आणि मग तो एकच पॅड ओरडायला लागतो. डाग देताना काकांनी एक गोष्ट दाखवली. सोल्डरिंग चकतीला टेकवायचं ते एक-दोन सेकंद, बस. जास्त वेळ धरलं तर वरचा चांदीचा थर उचलला जातो, आणि सिरॅमिक ठरावीक तापमानाच्या वर तापलं तर त्याचा वीज तयार करायचा गुणच निघून जातो. वरून चकती अगदी चांगली दिसते, पण मेलेली असते. त्या तापमानाचं नाव काय, माहितेय? क्युरी तापमान. त्याच पिएर क्युरीचं. चुंबक तापवल्यावर त्याचं चुंबकत्व कसं जातं याचा अभ्यास त्याने १८९५ मध्ये केला होता, त्यावरून. काकांना क्युरी कोण ते माहीत होतं की नाही मी विचारलं नाही. हात मात्र दोन सेकंदांत वर उचलला जात होता.

लाल वायर मध्ये, काळी पितळेवर. चकती फोमच्या दुहेरी टेपने बसवली. फेव्हिक्विकने घट्ट चिकटवली तर ती वाकणारच कशी? वायरला थोडी ढील ठेवून तिच्यावर गरम गोंदाचा थेंब, म्हणजे थापेचा ताण डागावर येणार नाही. सगळं मिळून वीस मिनिटं.

आता तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही. काकांच्या टेबलाखाली तीन पॅड मेलेले पडले होते, तेही दाखवले त्यांनी. एकाला कुणीतरी वायफाय राउटरचा अडॅप्टर लावला होता. असल्या बऱ्याच जपानी वाद्यांना पिनेच्या मधल्या भागात मायनस लागतो, आपल्या घरातल्या बहुतेक अडॅप्टरना मध्ये प्लस असतो. पिन बसते आणि मशीन बसतं. दुसऱ्यात मंडपातल्या पावसाचं पाणी गेलेलं. आवाज ठेवणारी चिप गेली की गल्लीत मिळत नाही; ती त्या कंपनीने स्वतःसाठी बनवलेली असते आणि मॉडेल जुनं झालं की तिलाही मिळत नाही. मग एकच उपाय, तसंच दुसरं मेलेलं मशीन शोधून त्याच्यातली काढायची. तेवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ दुसरं घेतलेलं बरं, असं काकाच म्हणाले. चकती, वायर, जॅक, रबर, फोम एवढं गेलं असेल तर दुरुस्ती. मेंदू गेला असेल तर हात जोडायचे.

शनिवारी दादाचा कार्यक्रम झाला. नवी चकती जुन्या सात चकत्यांपेक्षा जरा तिखट होती, म्हणून पाच नंबरची सेन्सिटिव्हिटी त्याने दोन पॉइंट खाली आणली. लावणीला वन्स मोअर आला. दोनदा.

नवरात्रात दोन नंबरचा पॅड कुरकुरायला लागला. रात्री साडेअकराला मला दादाचा फोन. मला वाटलं, आता परत पुण्याला न्यावं लागणार. तर म्हणतो, “अरे, उघडलाय. काळी वायर सुटलीय. सोल्डरिंग किती वॅटचं घेऊ, तेवढं सांग.”

पंचवीसचं घे म्हटलं.